गुळव्याचं नाक

सांगवीच्या सर्जेरावांच्या गुऱ्हाळावर कुंडलिक गुळव्या होता. गुळव्या म्हणजे काहिलीचा धनी. ऊस कुणाचाही असो, रस एकदा काहिलीत पडला की त्याची ढेप होईपर्यंत शब्द चालायचा तो गुळव्याचा. चुलवाणात चिपाडं कधी सारायची, मळी कधी काढायची, भेंडीचं पाणी किती घालायचं आणि उकळता पाक चुलीवरून नेमका कधी उतरवायचा, हे त्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी करायचं. उतरवायला घाई झाली तर गूळ चिकट राहतो, उशीर झाला तर करपतो. मधली ती वेळ डोळ्याचं पातं लवावं एवढीच असते.

बाकीचे गुळवे ती वेळ पाकाची गोळी पाण्यात टाकून ओळखत. कुंडलिकही गोळी टाकायचा, पण ती लोकांच्या समाधानासाठी. त्याला वेळ कळायची ती नाकानं. काहिलीकडं पाठ करून घोंगडीवर चंची सोडून बसलेला असायचा, सुपारी कातरता कातरता एकदम मान वर करायचा आणि म्हणायचा, "उतरवा." माणसं धावायची. गूळ असा पडायचा की फोडला तर आत खडीसाखरेसारखे कण चमकावेत. "कुंडलिक पाठ फिरवून गूळ करतो," असं बारामतीच्या पेठेत अडते म्हणायचे, आणि हे बोलणं कानावर आलं की कुंडलिक वरवर हसून सोडून द्यायचा, पण घरी येईपर्यंत मनातल्या मनात घोळवायचा.

तेहतीस सालच्या माघात त्याला तापानं गाठलं. थंडी वाजून आली, नाक-डोळे गळायला लागले, अंग मोडून पडलं. आठवडाभरानं ताप उतरला. सुनेनं, म्हाळसानं, कुळथाचं माडगं केलं आणि वर लसणाची फोडणी दिली. चर्र आवाज कुंडलिकानं ऐकला. वास मात्र आला नाही. सर्दी असेल, असं म्हणून त्यानं माडगं प्यायलं. ते गरम होतं, खारट होतं, तिखट होतं. आणखी काहीच नव्हतं.

सर्दी गेली तरी वास परतला नाही.

कुंडलिकानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. सांगणार काय? पैलवानानं दंड गेला म्हणून सांगावं, तसंच ते. घरात म्हाळसा आणि मुलगा महिपती एवढी दोनच माणसं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. महिपती सर्जेरावांची गाडी हाकायचा, गूळ घेऊन बारामतीला जायचा. सासू नसल्यामुळं म्हाळसा डोक्यावरचा पदर सांभाळून सासऱ्याशी सरळ बोलायची. पण सुनेला असलं काय सांगायचं? रोज सकाळी घरात कुणी नाही असं बघून कुंडलिक हिंगाची डबी उघडायचा आणि नाकाशी धरायचा. मग तुळशीचं पान चुरगळायचा. मग रॉकेलच्या चिमणीवर वाकायचा. सगळं सारखंच, पाण्यासारखं. एकदा बारामतीला जाऊन डॉक्टरलाही गुपचूप दाखवून आला. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "तापानं असं होतं कधी कधी. येईल, नाहीतर नाहीही येणार. वाट बघा."

गुऱ्हाळ चालूच होतं. कुंडलिक आता काहिलीकडं तोंड करून बसायला लागला. गोळी एकदा सोडून तीनदा पाण्यात टाकायला लागला. एक काहील करपली तेव्हा त्यानं ऊस पाणथळ होता म्हणून वेळ मारून नेली आणि त्या दिवशी त्याला भाकरी गेली नाही. त्यानंतर मात्र हंगाम संपेपर्यंत तसं काही झालं नाही. देवानं सांभाळलं, असं त्याला वाटलं. शिमग्याला घाणा थांबला आणि त्यानं सुटकेचा श्वास टाकला. पण पावसाळाभर त्याच्या छातीवर धोंडा होताच. पुढच्या हंगामाला काय करायचं? गुडघ्याचं निमित्त सांगून काम सोडावं, असं त्यानं मनाशी ठरवत आणलं होतं.

दसऱ्याला म्हाळसा माहेरी इंदापूरला जाऊन आली. तिचा थोरला भाऊ मोहनराव तिथल्या शाळेत मास्तर होता. पोरांना घेऊन माळरानं धुंडाळायची, किडे-पाखरं-दगड गोळा करायचे आणि शाळेच्या खिडकीत मांडून ठेवायचे, हा त्याचा नाद. त्यानं बहिणीला एक कोसा दिला होता. बोरीच्या फांदीला देठानं घट्ट बांधल्यासारखा लोंबणारा, कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, भुरा आणि लाकडासारखा टणक. म्हाळसानं तो फांदीसकट आणून ओसरीच्या खुंटीला अडकवला.

"ह्यात काय हाय ग?" कुंडलिकानं विचारलं होतं.

"पाखरू निघतंय म्हनं. दादा म्हनला, निघंल तवा निघंल, हात लावू नगं."

कुंडलिकानं मान हलवली आणि तो विसरून गेला.

दिवाळीच्या पाडव्याला, दिवस मावळायच्या सुमाराला, म्हाळसा पणत्या लावत ओसरीत आली आणि तिथंच थबकली. कोशाचं टोक ओलं होऊन उसवलं होतं आणि त्याला एक भलं मोठं पाखरू लटकलं होतं. आधी त्याचे पंख भिजल्या चिंधीसारखे चुरमडलेले होते. बघता बघता ते उलगडत गेले, पसरत गेले आणि दोन्ही तळहात जोडून धरावेत एवढे झाले. रंग हळदीचा. प्रत्येक पंखावर एकेक गोल ठिपका, आणि तो ठिपका काचेसारखा आरपार.

"मामंजी, बघा तरी काय नवल हाय!"

कुंडलिक आला, बघितलं. नवल होतं खरंच. पाखरू मात्र हलेना, उडेना. मांजर झडप घालेल म्हणून म्हाळसानं ते फांदीसकट कट्ट्यावर ठेवलं आणि वर वेळूची दुरडी पालथी घातली.

जेवणं झाली. सर्जेराव पाडव्याचे म्हणून भेटायला आले होते, ते अंगणात बाजेवर टेकले. तेवढ्यात अंधारातून काहीतरी फडफडत आलं आणि त्यांच्या पटक्यावरून गेलं.

"वटवाघूळ!" महिपती ओरडला.

वटवाघूळ नव्हतं. तसंच पाखरू होतं, पण रंगानं विटकरी. मागोमाग दुसरं आलं, तिसरं आलं. थोड्या वेळात अंगणात अशी फडफड सुरू झाली की शेजारपाजारची माणसं गोळा झाली. सांगवीत अशी पाखरं कुणी फारशी बघितली नव्हती, आणि आज जणू साऱ्या शिवारातली एकाच घरावर चालून आली होती.

"दिव्याला भुलल्यात," सर्जेराव म्हणाले. "दिवाळी हाय. पणत्या बघून आल्यात."

सगळ्यांना ते पटलं. कुंडलिक मात्र बघत बसला. हल्ली त्याला बघत बसायची सवयच लागली होती. पाखरं पणत्यांवरून जात होती, एखादी गटांगळी खात होती, पण टेकत होती ती दुरडीवर. दुरडीभोवती फेर धरायची, वेळूच्या काड्यांवर पाय रोवून थरथरायची.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दुपारी मोहनराव आला. इंदापूरहून बारामतीपर्यंत मोटारीनं आणि तिथून महिपतीच्या गाडीतून, अंगभर धूळ घेऊन. बहिणीनं ओवाळायच्या आधीच त्याला कालची हकिकत कळली आणि पाटावर बसल्या बसल्या त्याची चुळबुळ सुरू झाली. ओवाळून होताच तो उठला. छपराच्या वाशाला काही पाखरं दिवसाची गपगार चिकटून बसली होती. त्यातलं एक त्यानं अलगद उचललं आणि खिशातून भिंग काढलं.

"तात्या, हिकडं या. ह्याच्या मिशा बघा."

कुंडलिकानं भिंगातून बघितलं. पाखराच्या कपाळावर दोन मिशा होत्या, आणि त्या नुसत्या मिशा नव्हत्या. मधे एक दांडी, दोन्ही बाजूंना बारीक काड्यांच्या ओळी, बाभळीचं पान असतं तसं. आणि त्या काड्यांवर आणखी बारीक लव.

"आता मादीच्या बघा," मोहनराव म्हणाला आणि त्यानं दुरडी उचलली. हळदी पाखराच्या मिशाही तशाच धाटणीच्या होत्या, पण बारीक, अरुंद, जेमतेम.

"मादी म्हंजी, ही बाई हाय व्हय?"

"व्हय. आन् काल आलं ते सगळं नर. ह्या मिशा म्हंजी त्यांची नाकं हायेत, तात्या. मादी जागची हालत न्हाय. ती अंगातनं वास सोडती. तो वाऱ्यावर लांब लांब जातो. नराच्या मिशीवर ही जी लव दिसती न्हवं, तिच्यावर त्यातला कण पडला की त्याला कळतं. मग वाऱ्याच्या उलट्या अंगानं तो येतो, वास हुकला तर हिकडं-तिकडं घिरट्या घालतो, गावला की पुन्हा सरळ."

"आन् दिवे?"

"दिव्याचा काय संबंध न्हाय. आज बघू या."

नाकाचा विषय निघाला की कुंडलिकाला तिथून उठून जावंसं वाटायचं. पण आज तो उठला नाही.

सांजवेळ झाली. मोहनरावानं घरातल्या आणि अंगणातल्या साऱ्या पणत्या शांत करायला लावल्या; बघण्यापुरता एक कंदील तेवढा वात बारीक करून अंगणाच्या कोपऱ्यात ठेवला. मादीला त्यानं काचेच्या बरणीत ठेवलं, झाकण घट्ट लावलं आणि बरणी ओसरीत अगदी समोर मांडली. ज्या दुरडीखाली ती काल रात्रभर बसली होती, ती रिकामी दुरडी मात्र त्यानं पार मागं गोठ्यात नेऊन ठेवली. कालचं नवल ऐकून गर्दी कालपेक्षा दुप्पट झाली होती. सर्जेराव बाजेवर होते.

"मास्तर, समोर दिसतीया तिकडं न्हाय का येनार ती?"

"बघा तुमी."

अंधार पडला. पहिलं पाखरू आलं. ओसरीसमोरून गेलं, बरणीवरून गेलं, थांबलं नाही. छपरावर चढलं, वळलं आणि गोठ्यात शिरलं. माणसं मागोमाग धावली, कुणीतरी कंदील दाराशी धरला. मग दुसरं, मग आणखी. गोठ्यात बैल कान फडकावत उभे होते आणि गव्हाणीतल्या त्या रिकाम्या दुरडीवर पाखरांची झुंबड उडाली होती. समोर काचेत मादी धडधडीत दिसत होती, तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. आणि ती काल जिथं बसली होती त्या काड्यांना सगळी बिलगली होती.

"आरं तिच्या," सर्जेराव म्हणाले.

मोहनराव ओसरीत परत आला. बरणीचं झाकण काढून त्यानं तोंडावर विरळ फडकं बांधलं. थोडा वेळ गेला. मग एक पाखरू गोठ्यातून बाहेर आलं, अंगणात डावी-उजवीकडं हेलकावे घेत घेत ओसरीत शिरलं आणि फडक्यावर येऊन बसलं.

आता हसू, गलका, आश्चर्य. सर्जेरावांना राहवलं नाही. त्यांनी वाकून बरणीच्या तोंडाशी नाक नेलं आणि जोरात श्वास घेतला.

"काय बी वास येत न्हाय हो!"

मग सगळ्यांनी रांग धरली. कुणी फडक्याचा वास घेतला, कुणी गोठ्यातून दुरडी आणवली आणि तिचा घेतला. "वेळूचा वास येतोय." "शेणाचा येतोय." "कायच न्हाय." म्हाळसानं पदर सावरून हुंगलं आणि मान हलवली. मोहनरावानंही हुंगलं. "मलाही न्हाय येत. कुणालाच येत न्हाय. वास हाय, हे समोर दिसतंय. पण माणसाला त्यासाठी नाकच दिलेलं न्हाय."

"आता गुळव्याचं नाक लावा की," सर्जेराव म्हणाले. "आमची नाकं गेली उडत. कुंडलिक, तू सांग बाबा. तुला यील."

सगळे वळून बघायला लागले. नऊ महिने ज्या घटकेला कुंडलिक भीत होता ती भरल्या अंगणात येऊन उभी राहिली होती. तो उठला. बरणीवर वाकला. भिंगातून बघितलेल्या त्या मिशा आता अगदी नाकासमोर थरथरत होत्या. त्यानं श्वास आत ओढला.

काही नव्हतं. रोजच्यासारखंच. पण आज आजूबाजूला उभ्या असलेल्या साऱ्या सांगवीलाही काही नव्हतं.

"मला बी न्हाय येत," कुंडलिक म्हणाला.

कुणाला त्याचं काही वाटलंच नाही. "मग काय, कुंडलिकाला न्हाय तर कुनालाच न्हाय," एवढं म्हणून सर्जेराव हसले आणि माणसं पुन्हा पाखरांकडं वळली. कुंडलिक खांबाला टेकून बसला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्यानं ते वाक्य तोंडातून बाहेर काढलं होतं. आभाळ कोसळलं नव्हतं. त्याला एकदम हलकं वाटलं आणि डोळे भरून आले. अंधार होता ते बरं झालं.

मोहनराव त्याच्या शेजारी येऊन बसला. कुंडलिकानं जरा वेळानं विचारलं, "मोहनराव, त्या मिशा तुटल्या तर काय करीत असंल वो ते पाखरू?"

"परदेशात लोकांनी करून बघितलंय ते. मिशा न्हाईत तर त्याला मादी गावत न्हाय. जवळ ठेवली तरी न्हाय."

"मग बिचाऱ्याचं संपलंच."

"त्याचं संपलं," मोहनराव म्हणाला. "त्याला ह्या मिशांबिगर दुसरं काय दिलंय? तोंडसुद्धा न्हाय त्याला, खात-पीत न्हाय. बोलता येत न्हाय. कुणाला हाक मारून इचारता येत न्हाय, बाबा, मादी कुठल्या अंगाला हाय म्हणून. माणसाचं बरं असतं, तात्या. एकाचं एक गेलं तर शेजारच्याला इचारता येतं."

मोहनराव सहज बोलून गेला. त्याला काही ठाऊक नव्हतं. कुंडलिकाच्या मनात मात्र ते बोलणं रुतून बसलं.

सकाळी त्यांनी मादीला सोडून दिलं. मोहनरावाला गाडीत बसवून महिपती बारामतीला गेला. म्हाळसा चुलीपुढं भाकरी थापत होती. कुंडलिक उंबऱ्यावर येऊन बसला.

"पोरी, तुला एक सांगायचं हाय."

"सांगा की."

"माझं नाक गेलंय. माघातल्या तापापासनं. कशाचा म्हनून वास येत न्हाय मला."

म्हाळसाचे हात थांबले नाहीत. भाकरी तव्यावर पडली, तिनं वर पाणी फिरवलं. मग ती हळूच म्हणाली, "ठावं हाय मला, मामंजी."

"ठावं हाय?"

"हिंगाची डबी रोज उघडी ऱ्हायाची. आन् एकदा दूध करपलं, साऱ्या घरात करपट वास सुटला, तुमी शेजारी बसला हुता आन् तुमाला कळलं न्हाय. तवाच वळखलं म्यां."

एकेक गोष्ट कुंडलिकाच्या डोळ्यांसमोर यायला लागली. गेल्या हंगामाच्या शेवटी म्हाळसा भाकरी घेऊन गुऱ्हाळावर यायची, ती बऱ्याच उशिरापर्यंत घुटमळायची. कधी म्हणायची, "बाई, किती गोड वास सुटलाय, झालाच वाटतं गूळ." कधी नाकाला पदर लावून म्हणायची, "मामंजी, चुलवाण लई पेटलंय का वो?" त्याला वाटायचं, बाईमाणूस बडबडतं. आणि तिच्या त्या बडबडीवर त्यानं नकळत काहिली उतरवल्या होत्या. देवानं सांभाळलं, असं तो समजत होता. सांभाळलं होतं तिनं.

"तू भाकरी घेऊन येत हुतीस ती त्याच्यासाठी?"

"भाकरी बी हुतीच की," म्हाळसा म्हणाली.

"मग मला बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलला न्हाई. मी कसं बोलू? मानसानं झाकलेलं उघडं करू न्हाय."

कुंडलिकानं खांद्यावरचं उपरणं काढलं, तोंडावरून फिरवलं, पुन्हा खांद्यावर टाकलं. "पोरी," तो म्हणाला, "माझ्या आईनं बी मला एवढं झाकलं नसंल."

तुळशीचं लग्न झालं की घाणा सुरू व्हायचा. त्याआधीच कुंडलिक सर्जेरावांकडं गेला. गुडघ्याचं निमित्त त्यानं सांगितलं नाही. सगळं सांगितलं, करपलेल्या काहिलीसकट. सर्जेरावांनी मिशीला पीळ दिला.

"मग आता रं?"

"हात माझा, डोळं माझं. नाक म्हाळसाचं. दोघांनी मिळून गुळव्या व्हायाचं."

"बाईमानूस काहिलीपाशी? आरं, लोक तोंडात शेन घालतील. कुठल्या गुऱ्हाळावर बाई गुळव्या हाय?"

"गेल्या साली तुमच्याच गुऱ्हाळावर हुती," कुंडलिक म्हणाला. "तुमालाबी ठावं नव्हतं आन् मलाबी."

सर्जेराव हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "पैल्या दिवशी बगू," एवढंच बोलले.

पहिल्या दिवशी काहिलीची पूजा झाली, बैल जुंपले, घाणा कुरकुरायला लागला. म्हाळसा काष्टा घट्ट खोचून काहिलीच्या वाऱ्याखालच्या अंगाला उभी राहिली. गडी एकमेकांकडं बघून हसत होते. चुलवाणात जाळ घालणारा जाळव्या उगाच खाकरत होता. सर्जेराव लांब बाभळीखाली बसून बघत होते. पहिली काहील झाली, चांगली झाली. दुसरीचा रस ओतायला गडी घाण्याचा रस साठतो त्या मांदणातून घागर भरून आणायला लागले, तशी म्हाळसा म्हणाली, "थांबा. मामंजी, ह्यो रस आंबूस येतोय."

"आंबूस? आत्ता तर काढलाय!" घागरवाला म्हणाला.

कुंडलिकानं बोट बुडवून चाटलं. जिभेला नुसतं गोड लागलं. नाक गेल्याचं झाकणारा तो कुंडलिक असता तर त्यानं स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवला असता. "मांदाण उपसा," तो म्हणाला. "ती म्हनती तर हायच."

मांदाण उपसलं. तळाशी, कडेच्या खोबणीत, गेल्या हंगामाचा कुजकट गाळ तसाच चिकटून राहिला होता. धुणाऱ्यानं वरवर धुतलं होतं. सर्जेराव उठून आले, वाकले, हुंगलं, आणि तोंड वाकडं करून मागं झाले. "खळखळून धुवा ते," त्यांनी गड्यांना दम दिला. मग म्हाळसाकडं न बघता कुंडलिकाला म्हणाले, "चालू द्या तुमचं."

चालू झालं ते असं. कुंडलिक आता तिला शिकवायला बसला, आणि शिकवता शिकवता त्याला कळलं की नाक गेलं तरी वास त्याच्या डोक्यात सगळे जागच्या जागी होते. तो सांगायचा, "आदी हिरव्या गवताचा यील. मग मळी निघाली की ताकाच्या लोण्यासारखा. मग जरा वेळ कायच येनार न्हाय, तवा घाबरायचं न्हाय. मग भाजक्या खोबऱ्याचा. त्येच्या मागं जरा भाजल्या शेंगदान्याचा आला रं आला, की उतरवायचं. शेंगदान्याचं टरफल जळाल्यासारखा आला तर गेलं समदं." म्हाळसा डोळे मिटून उभी राहायची. "गवत," ती म्हणायची. "आता लोनी. आता कायच न्हाय." कुंडलिक पाकाचे बुडबुडे बघायचा, त्यांचा बदलणारा आवाज ऐकायचा. "खोबरं आलं, मामंजी!" असं ती म्हणाली की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. वास येत नसे, पण तो कुठं आहे हे कळायचं, कोण आणून देतंय हेही कळायचं, आणि त्याचं मन भरायचं.

"शेंगदाना!"

"उतरवा!"

दोघांचे शब्द एकावर एक पडायचे आणि माणसं धावायची. हसणारे गडी महिन्याभरात हसायचे थांबले. संक्रांतीच्या सुमाराला शेजारच्या मळ्यातली माणसं उगीच निमित्त काढून बघायला यायला लागली. कुणी नावंही ठेवली. म्हाळसानं ती ऐकली आणि सोडून दिली.

इंदापूरच्या अंगाला तेव्हा साखर कारखाना उभा राहत होता, गुऱ्हाळांचे दिवस भरले असं लोक बोलत होते. असतीलही. पण त्या साली सांगवीच्या गुळाला बारामतीच्या पेठेत तोड नव्हती. महिपतीबरोबर एकदा कुंडलिक गाडीवर बसून गेला. अडत्यानं ढेप फोडली, खडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "वा! कुंडलिकाचा हात लपत न्हाय बघा."

"हात माझा," कुंडलिक म्हणाला. "नाक माझ्या सुनेचं." अडत्याला गंमत वाटली. मग कुंडलिकानं तिथंच पोत्यावर बसून त्याला आणि जमलेल्या चार जणांना सगळी हकिकत सांगितली, आपला ताप, हिंगाची डबी, करपलेली काहील, काही न लपवता. महिपती बैलांच्या शिंगांना हात लावून ऐकत उभा होता. बापाचं नाक गेल्याचं त्याला ठाऊक होतं, पण हिंगाच्या डबीपासूनचं सगळं त्याच्या तोंडून तो पहिल्यांदाच ऐकत होता. परतीच्या वाटेवर त्यानं बाजारातून बायकोसाठी काकड्याचा गजरा आणि बत्तासे घेतले, आणि का घेतले ते सांगितलं नाही.

शिमग्याच्या तोंडावर हंगाम संपला. शेवटच्या काहिलीचा गूळ निघाला त्या दिवशी सर्जेरावांनी रिवाजाप्रमाणं गुळव्याला पटका आणला होता. त्यांनी तो कुंडलिकाच्या डोक्याला बांधला. मग गड्याकडून दुसरं पुडकं मागून घेतलं. त्यात हिरवं इरकली लुगडं होतं.

"लेकी, घे," ते म्हाळसाला म्हणाले. "गुळव्याचा मान हाय. आमच्या घरात ह्यो दोन ठिकानी द्यायची येळ पैल्यांदाच आली."

म्हाळसानं वाकून नमस्कार केला, लुगडं पदरात घेतलं आणि सासऱ्याच्या पायाशी वाकायला आली. कुंडलिक झटकन मागं सरला. नव्या पटक्याचं टोक डोळ्यांवर आलं होतं, ते त्यानं सारलं आणि सगळ्या गड्यांदेखत सुनेपुढं दोन्ही हात जोडले.

"अवं मामंजी, हे काय!" म्हाळसा घाबरून म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," कुंडलिक म्हणाला. "लई दिवस ऱ्हायलं हुतं."

मग त्यानं ताज्या गुळाचा खडा मोडला, अजून कोमट होता, आणि तो आधी तिच्या हातावर ठेवला.